चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

तुम्ही आम्हाला खोटं लिहायला सांगितलं. तोंडी सांगितलं, कागदावर सांगायची तुमची छाती नाही. आम्ही लिहिलं नाही, म्हणून आमचा अर्ज बंद पडला आणि बावीस पोरी आजही पाणी न पिता अभ्यास करतात. हे तुमचं काम आहे. नाव घेत नाही, कारण तुमच्या खुर्चीवर माणूस दर दोन वर्षांनी बदलतो आणि खुर्ची तशीच बसून राहते. खुर्चीला वाचता येत असेल तर वाचावं.

मी देवानंद. धामणगाव बढ्याच्या रस्त्याला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शाळा नववीपर्यंत. पुढचं जे काही आलं ते रद्दीतल्या पुस्तकांनी आलं. आमच्या गावातल्या बुद्ध विहाराच्या ट्रस्टचा मी सचिव. अध्यक्ष भिमाबाई. वय सत्तरीला टेकलेलं, तीस वर्षं दुसऱ्याच्या शेतात निंदण केलेली बाई. सही करायला ती याच विहारात शिकली, साक्षरतेच्या वर्गात, कंदिलाच्या उजेडात. आजही वाचताना ओळीखाली बोट ठेवते, पण एकदा वाचलेलं सोडत नाही.

विहार म्हणजे पत्र्याचा एक मोठा हॉल. सकाळी वंदना, संध्याकाळी वंदना. मधला सगळा वेळ हॉल रिकामाच. तीन वर्षांपूर्वी तिथं दोन पोरी येऊन बसायला लागल्या. एक रेणुका, आमच्याच वस्तीतली, नर्सिंगची तयारी करणारी. दुसरी पूनम, पाटील गल्लीतल्या भगवानरावांची, पोलीस भरतीची. दोघींच्या घरी टीव्ही, पाहुणे आणि 'जरा चहा टाक' एवढंच. विहारात कुणी चहा टाक म्हणत नाही. दोनच्या पाच झाल्या, पाचच्या बावीस. सहा-सात पोरी बाहेरच्या गल्ल्यांतल्या.

गाव बोललंच. पारावर एकानं भगवानरावांना टोचलं, "काऊन हो, पाटलाची पोरगी विहारात बसून राह्यली म्हंते?"

भगवानराव तंबाखू मळत म्हणाले, "अभ्यासाले बसून राह्यली. तुह्या पोरासारखी पानठेल्यावर बसली असती तं तुले बरं वाटलं असतं का बे?"

तो विषय तिथं संपला. दुसरा विषय संपला नाही. विहाराला संडास नाही. गड्यांचं भागतं, पोरींचं भागत नाही. दुपारी चार वाजले की एकेकीची चुळबुळ सुरू होते, पाचला हॉल रिकामा. पूनमचं घर दीड किलोमीटर. ती सकाळी अकरानंतर पाण्याला तोंड लावत नाही. रेणुकाला उन्हाळ्यात लघवीची आग सुरू झाली, ताप चढला, डॉक्टर म्हणाले पाणी भरपूर पी. ती त्यांना म्हणाली, "सर, पाणी पेलं तं अभ्यास व्हत नाई." डॉक्टरांना कळलंच नाही ती काय म्हणते.

म्हणून भिमाबाईंची सून समता हिनं तुमचं पोर्टल शोधलं.

समता बी.ए. झालेली. फोनवर तुमचं ते पान तिला सापडलं, गावपातळीच्या संस्थांना सरकारी अनुदान कसं मागायचं ते शिकवणारं. खरं सांगतो, पान चांगलं होतं. व्हिडिओ होते, नमुना अर्ज होता, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं होती, हेल्पलाइनचा नंबर होता. आम्ही हरखलो. आजवर असल्या गोष्टी कुणाच्या तरी मामाला विचाराव्या लागत. आता मामा नको, फोन पुरे.

एका रविवारी विहारात सगळ्यांना बसवून समतानं व्हिडिओ लावला. कोटातले एक साहेब म्हणाले, सर्वप्रथम आपल्या संस्थेचं व्हिजन निश्चित करा.

"व्हिजन म्हंजे काय वं?" भिमाबाईंनी विचारलं.

"म्हंजे आत्याबाई, आपल्याले काय पायजे, पुढं काय दिसते, ते."

"संडास दिसते. लिह्य."

सगळा हॉल हसला. समतानं हसत हसत लिहिलं, 'मुलींना दिवसभर अभ्यास करता यावा अशी अभ्यासिका, टेबलं, दिवे, आणि मुलींसाठी शौचालय.' पुढं साहेबांनी मागच्या तीन वर्षांच्या सभांच्या तारखा मागितल्या. आमची ठरावाची वही मी काढली आणि अडलो. आमच्या सभा पौर्णिमेला होतात, तेव्हाच सगळे गावात असतात. वहीत तारखाच नाहीत. माघ पौर्णिमा, फाल्गुन पौर्णिमा, वर्षावास सुरू झाला ती आषाढ पौर्णिमा, असंच सगळं. तुमच्या पोर्टलला पौर्णिमा कळत नाही, त्याला आठ आकडे लागतात.

मी म्हणालो, "अंदाजानं टाकू तारखा. कोण पाह्यते?"

भिमाबाईंनी वही समताकडे सरकवली. मग समता, पूनम आणि रेणुका तीन वर्षांची कॅलेंडरं घेऊन बसल्या. घराघरांतून जुनी कॅलेंडरं आणली, दुधाचे हिशेब लिहिलेली, तेलाचे डाग पडलेली. एका वर्षाचं मिळेना, ते भगवानरावांच्या गोठ्यात भिंतीला लटकलेलं सापडलं. अधिक महिन्यातली धरून सदतीस पौर्णिमा, सदतीस तारखा. एकही अंदाजानं नाही.

आणि मग समतानं नेहमीच्या प्रश्नांचं पान वाचून दाखवलं. तिथं आहे चौदावा प्रश्न. 'धार्मिक किंवा श्रद्धेवर चालणारी संस्था अर्ज करू शकते का?' आणि खाली तुमचं उत्तर, तुमच्याच शब्दांत: 'होय. अनुदान समाजोपयोगी कामासाठी वापरले जाणार असेल, तर अशी संस्था पात्र आहे.' भिमाबाईंनी ते पान प्रिंट काढून आणायला लावलं. बोट ठेवून दोनदा वाचलं. घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवलं. मला तेव्हा वाटलं, म्हातारी उगीच कागद जपते.

अर्ज भरायला आम्ही धामणगावात शेखरच्या दुकानात गेलो. शेखर ऑनलाइनची कामं करतो, पोरगा हुशार, बोलायला गोड. मी, समता, भिमाबाई. तीन पानं झरझर भरली. चौथ्या पानावर शेखरचा हात थांबला.

पडद्यावर प्रश्न होता: 'प्रस्तावित जागेत उपासना अथवा प्रार्थना होते का?' खाली दोन गोल. हो. नाही.

"'नाही' करतो," शेखर म्हणाला.

"थांब," भिमाबाई म्हणाल्या. "काय पुसलं त्यानं?"

समतानं वाचून दाखवलं.

"मंग नाही कसं? रोज दोन टाइम वंदना व्हते तिथं."

"आजी, ते मले बी ठाव हाय. सगळे 'नाही'च करतात. तिकडल्या मारुती संस्थानानं बी 'नाही'च केलं, त्याइची दवाखान्याची खोली मंजूर झाली. हो केलं का खेळ खलास."

"काऊन खलास? चौदाव्यात तं हो म्हंते." त्यांनी पिशवीतून घडी काढली आणि कीबोर्डवर पसरली.

शेखरनं कागद बघितला, डोकं खाजवलं. "हे लिहिणारा येगळा असन आजी, फॉर्म बनवणारा येगळा असन."

"सरकार एकच हाय ना?"

शेखर माझ्याकडे बघायला लागला. मी भिमाबाईंना दुकानाबाहेर नेलं. समजावलं. म्हणालो, मावशी, हा साधा एक गोल आहे. पोरींसाठी आहे. कुणाचं नुकसान नाही. मी ते मनापासून बोललो, आणि आज मला त्याची लाज वाटते, पण लिहितो, कारण जे झालं ते झालं.

त्या म्हणाल्या, "देवानंद, सकाळी पोरीइले पंचशील कोण म्हणवते?"

"तुमी."

"चौथं काय हाय?"

"खोटं न बोलायचं."

"सकाळी पोरीइले खोटं बोलू नका म्हणू, अन् दुपारी त्याइच्याच नावानं खोटं लिहू? त्याच जागी बसून? अन् समद्यात वाईट काय हाय सांगू का? आपण प्रार्थना करत नाई असं लिहायचं म्हंजे आपुन कोण हाव तेच पुसून टाकायचं. आपल्या आज्यांनी ते लई पुसलं, बापा. मी नाई पुसत."

आत जाऊन त्यांनी शेखरला 'हो' दाबायला लावलं. त्यानं दाबलं. पडदा एकदा फिरला आणि लाल अक्षरं आली: 'आपली संस्था अपात्र आहे.' मागं जाता येईना. दुरुस्ती होईना. एका नोंदणी क्रमांकावर एकच अर्ज, असं खाली बारीक अक्षरात होतं.

शेखर म्हणाला, "पाह्यलं ना काका?"

गावात आलो तसे सगळे बोलले. म्हातारीनं बुडवलं, म्हातारीले काय समजते, अध्यक्ष बदला. दोन पोरींच्या आया भांडायला आल्या. भिमाबाई उंबऱ्यात बसून ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "झालं का बोलून? आता सांगा, मी काय खोटं लिहिलं?" त्यानं राग आणखी वाढला.

अंतिम तारखेला सतरा दिवस होते. समतानं डोळे पुसले आणि तुमची मदत मागायला बसली. तुमच्या पानावर एक बोलणारं यंत्र आहे. ती लिहायची, 'आमचा अर्ज चुकीनं अपात्र झाला, चौदावा प्रश्न बघा.' यंत्र म्हणायचं, 'नमस्कार! मी आपली काय मदत करू?' ती पुन्हा लिहायची. यंत्र पुन्हा नमस्कार करायचं. भिमाबाई मागून म्हणाल्या, "लई संस्कारी हाय वं हे. नुसता नमस्कारच करते." हेल्पलाइनवर समता नऊ दिवस फोन लावत होती. दोनदा माणूस लागला. पहिल्यानं सांगितलं, जिल्ह्याला विचारा. दुसऱ्यानं सांगितलं, पोर्टलवर विचारा.

इकडे भगवानराव एका सकाळी ट्रॅक्टर घेऊन विहारासमोर आले. ट्रॉलीत विटा. घर वाढवायला आणलेल्या होत्या.

"घ्या भिमाबाई. सरकारची वाट कायले पाह्यता? पोरीइचं पह्यले पाहू."

माझ्या तोंडाला पाणी सुटलं. पण समतानं बाविसावा प्रश्न दाखवला. मंजुरीआधी काम सुरू केलं तर अनुदान बाद. एक खड्डा जरी खणला तरी बाद. अर्ज बंद, आणि बंद अर्जाच्या भीतीनं खड्डाही बंद. अशी कोंडी बांधायला डोकं लागतं, ते तुमच्याकडे आहे.

भिमाबाई म्हणाल्या, "भगवानराव, इटा ठेवा इथंच. सरकारनं साफ नाई म्हटलं तं दुसऱ्या दिवशी याच इटा लावू. पण पह्यले त्याइले म्हणू द्या. न पुसताच हक्क सोडला तं पुढच्या गावाले बी सोडा लागन."

भगवानरावांनी विटा रचून दिल्या. पूनमनं चुन्याची फक्की आणली आणि जिथं शौचालय व्हायचं तिथं जमिनीवर चौकोन आखला. मी म्हणालो, अगं काम सुरू केलं असं होईल. ती म्हणाली, "काका, रेघ हाय. रेघीले तं बंदी नाई ना?"

शेवटच्या आठवड्यात भिमाबाई मारुती संस्थानच्या शालिग्रामकडे गेल्या. मी सोबत होतो. शालिग्राम संस्थानचे सचिव, माळकरी, सरळ माणूस. भिमाबाईंनी राम राम घातला, त्यांनी जय भीम म्हटलं, चहा आला.

"शालिग्राम भाऊ, एक पुसू का? तुमच्या संस्थानात प्रार्थना व्हत नाई म्हणून लिहून देल्लं म्हंते?"

ते म्हणाले, "देल्लं ताई. हापिसातल्या साहेबानंच सांगतलं, 'नाही' टाका. टाकलं. त्या दिशी संध्याकाळी आरतीले उभा राह्यलो तं घंटी वाजवाले हात उचलेना. मारुतीच्या समोर उभा राहून मी त्यालेच कागदावर नाही म्हटलं होतं."

"मंग चला आमच्यासंगं. एवढंच सांगा तिथं."

"सही नाई करत मी. खोली रद्द झाली तं गाव मारन मले." मग म्हणाले, "पण संगं येतो. बसमध्ये जागा धरजा."

अंतिम तारखेला आम्ही पाच जण बुलढाण्याला आलो. मी, समता, भिमाबाई, पूनम, शालिग्राम. तुमच्या दारात दुपारी बाराला. साहेब मीटिंगमध्ये. दोनला जेवायला. साडेतीनला आत घेतलं. खुर्च्या दोन होत्या, आम्ही पाच. भिमाबाई उभ्याच राहिल्या.

समतानं चौदावा प्रश्न टेबलावर ठेवला. तुमच्या साहेबांनी वाचला. मग हसून म्हणाले, "ताई, हे मार्गदर्शक आहे. फॉर्म फॉर्मच्या जागी. तुम्ही 'नाही' भरायला पाहिजे होतं. सगळे तेच करतात."

"होय साहेब," मागून शालिग्राम म्हणाले. आवाज बारीक, पण आला. "मी बी तेच केलं. याच टेबलावर तुमीच सांगतलं होतं."

साहेबांचं हसू गेलं. "मी असं कधी सांगितलं?"

"भरायच्या आदल्या दिवशी. तुमी म्हणले, देव कुठं पाह्यते कॉम्प्युटरमध्ये."

पूनमला हसू आवरेना. साहेबांनी पाण्याचा ग्लास जवळ ओढला. पूनमनं त्या ग्लासाकडे बघितलं. ती सकाळी सातपासून पाणी प्यायली नव्हती, आणि तुमच्या कार्यालयातल्या बायकांच्या शौचालयाला कुलूप होतं. चावी कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. हे मी रचून सांगत नाही, शिपायाला विचारा.

"हे बघा," साहेब म्हणाले, "नवीन नोंदणी करा, नवीन अर्ज करा, 'नाही' भरा. पुढच्या वर्षी मी स्वतः बघतो."

भिमाबाई पुढं झाल्या. पिशवीतून कोरा कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. "लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"भिमाबाईनं खोटं लिहावं, असं. खाली सही करा, शिक्का मारा. मी उद्याच 'नाही' लिहिते."

साहेबांनी पेन उचललं नाही. मला त्या माणसाची कीवही आली, खरं सांगतो. त्यालाही वरून कुणीतरी तोंडीच सांगितलेलं असणार. पण कीव आली म्हणून पोरींची तहान जात नाही.

"असं लिहून देता येत नाही आजी."

"मंग हे घ्या." त्यांनी आमचं पत्र पुढं केलं. समतानं लिहिलेलं, एक पान. आम्ही 'हो' भरलं कारण ते खरं आहे. तुमच्या चौदाव्या उत्तराप्रमाणे आम्ही पात्र आहोत. अर्ज उघडा, किंवा का उघडत नाही ते लेखी कळवा. खाली भिमाबाईंची सही, एकेक अक्षर सुटं. "आवकचा नंबर द्या. नंबर भेटेस्तोवर मी इथंच उभी हाव."

बाबू म्हणाला, टपाल घ्यायची वेळ संपली. घड्याळात पावणेपाच होते, आणि भिंतीवर तुमचीच पाटी होती: टपाल स्वीकारण्याची वेळ पाच वाजेपर्यंत. पूनमनं ती मोठ्यानं वाचली, भरतीच्या मैदानावर आवाज काढतात तशी. बाहेरच्या बाकांवरची माणसं उठून दारात आली. साहेबांनी बाबूला खूण केली. शिक्का पडला, पोच मिळाली.

खाली आल्यावर शालिग्रामनं पूनमला समोरच्या हॉटेलात नेऊन मालकाला विचारलं, "बाई-माणसाची सोय हाय का?" होती. चहावाल्याकडे होती.

त्या गोष्टीला आज त्रेपन्न दिवस झाले. दोन स्मरणपत्रं झाली, दोन्हींच्या पोचा माझ्या दुकानात खिळ्याला टांगल्या आहेत. अध्यक्ष बदला म्हणणाऱ्या बायका गेल्या पौर्णिमेच्या सभेला आल्या, आणि भिमाबाईंनाच पुन्हा अध्यक्ष करून गेल्या. त्या सभेची तारीख मी वहीत आकड्यांत लिहिली, शेजारी पौर्णिमाही लिहिली. शालिग्रामनं त्यांच्या संस्थानच्या सभेत ठराव मांडला, आपला खोटा गोल दुरुस्त करून मागायचा. ठराव पडला. ते म्हणतात पुन्हा मांडतो.

विटा विहारासमोर रचलेल्या आहेत. चुन्याची रेघ पुसट झाली की पूनम पुन्हा ओढते, दर रविवारी, अभ्यासाला बसण्याआधी. तिची भरती तोंडावर आली आहे. रेणुकाचं औषध दुसऱ्यांदा सुरू झालं. पाच वाजता हॉल आजही रिकामा होतो, आणि सव्वापाचला आम्ही तिथंच वंदनेला बसतो. होय, बसतो. पुन्हा लिहितो म्हणजे तुम्हाला शोधावं लागणार नाही.

तुम्ही 'पात्र' म्हणा, आम्ही तुमच्या नियमानं बांधू. 'अपात्र' म्हणा, तेही सहीनिशी म्हणा, आम्ही दुसऱ्या दिवशी भगवानरावांच्या विटा लावू आणि तुमचा तो कागद घेऊन पुढच्या दारात जाऊ. दोन्हीला आमची तयारी आहे. तयारी नाही ती तुमच्या गप्प बसण्याला.

तुम्ही आम्हाला एक प्रश्न विचारला होता, दोन गोल देऊन. आम्ही खरं उत्तर दिलं आणि त्याची किंमत मोजतोय. आता आमचा एकच प्रश्न आहे, गोल तेच दोन. चौदाव्या प्रश्नाखाली तुम्ही जे लिहिलंत, ते तुम्हाला मान्य आहे का?

हो की नाही?